थोडी कळ काढा

वेदनेच्या बाबतीत आपली मराठी भाषा मोठी श्रीमंत आहे. गळू ठसठसते, डोके ठणकते, जखम चुरचुरते, डोळे झोंबतात, पोटात मुरडा उठतो, पाठीत उसण भरते, गुडघ्यात चमक निघते आणि हातापायांना मुंग्या येतात. यांपैकी एकाचे काम दुसऱ्यावर सोपवता येत नाही. पाठ कधी ठसठसत नाही आणि गळवात कधी उसण भरत नाही. ज्या कोणा अनामिक आजीबाईंनी ही वाटणी करून ठेवली त्यांस शरीरशास्त्र ठाऊक नसेल. परंतु शरीर पक्के ठाऊक होते.

या सगळ्या गोतावळ्यात 'कळ' हा शब्द आमच्या विशेष आवडीचा. ठणका मुक्कामाला येतो. कळ येते आणि जाते. शिवाय 'कळ काढणे' या एकाच प्रयोगात मराठीने दोन अगदी उलटे अर्थ नांदवले आहेत. एखाद्याची कळ काढणे म्हणजे त्याची कुरापत काढणे. आणि नुसतेच 'थोडी कळ काढा' म्हटले, तर त्याचा अर्थ धीर धरा, सोसा, वेळ जाऊ द्या. गेले सहा आठवडे आम्ही एकाच दाढेची दोन्ही अर्थांनी कळ काढीत आहोत. त्या सहा आठवड्यांत आमच्या ध्यानात जे आले ते बृहन्महाराष्ट्रातील आमच्या वाचकबांधवांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

आमचा मुक्काम बेंगळूरु शहराच्या पूर्वेस कृष्णराजपुरम येथे आहे. एवढे लांब नाव घेण्यास इकडे कोणास सवड नसते, सारे के. आर. पुरमच म्हणतात. जुना मद्रास रस्ता, रेल्वेचे रूळ आणि शहराबाहेरून वळसा घालणारा हमरस्ता या तिघांची इथे गाठ पडते. रुळांवरून २००३ साली तारांनी पेललेला एक झुलता पूल झाला, आणि २०२३ पासून मेट्रोही धावू लागली. तथापि माणसांची आणि वाहनांची दाटी काही कमी झालेली नाही. अशा या गजबजाटात एका औषधाच्या दुकानाच्या माडीवर आमच्या दंतवैद्य डॉक्टरबाईंचा दवाखाना आहे. तिथेच आम्ही उजवीकडची खालची दाढ भरून घेतली.

वाचकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ही दाढ दुखत नव्हती. तपासणीत तिला कीड लागलेली आढळली, कीड बरीच खोल गेलेली होती, आणि ती गाभ्यापर्यंत पोचण्यापूर्वी कोरून काढून पोकळी भरणे हेच शहाणपणाचे होते. ते यथासांग झाले. जबडा बधिर झाला, यंत्र घरघरले, दाताच्याच रंगाचे मिश्रण थरांथरांनी भरले गेले आणि निळ्या प्रकाशाच्या झोताखाली क्षणार्धात दगडासारखे घट्ट झाले. दोन-अडीच तासांनी, परक्याचा वाटणारा आमचा अर्धा ओठ आम्हांस परत मिळाला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरण्याकरिता नळाचे गार पाणी तोंडात घेतले मात्र, जी दाढ आजवर मुकी होती तिने एकदम वाचा फोडली.

दुखत नव्हते ते दुरुस्त केले आणि दुखू लागले! व्यवहारात ही गोष्ट कोणासही पटण्यासारखी नाही. गळत नसलेल्या छपरावर कौले बसवावीत आणि पहिल्याच पावसात ते गळू लागावे, तर आपण गवंड्यास बोलावून जाब विचारू. त्याच बेताने आम्ही आठवड्याने पुन्हा माडी चढलो. परंतु जाब विचारावयाचा म्हणजे आधी तक्रार सांगावी लागते, आणि इथेच आमचे घोडे अडले.

डॉक्टरबाईंची मातृभाषा कन्नड. आमचे कन्नड भाजीबाजार आणि रिक्षा यांच्यापलीकडे फारसे जात नाही. उरली इंग्रजी, ती दोघांच्याही कामाची, पण दोघांच्याही घरची नव्हे. दाढ नेमकी कशी दुखते, हे त्या भाषेत सांगू गेलो तेव्हा हाती एकच सरसकट शब्द आला, दुखते. आता, ठणका असतो तसे ते नव्हते. सणक म्हणावी तर तितका झटका नव्हता. चिंचेने दात आंबतात त्या जातीचे ते काहीतरी होते. परंतु दात आंबले की सारी पंगतच आंबते, आणि इथे तर एकच पान रुसले होते. मराठीत आम्ही 'दाढेला गार लागते, शिवशिवते' एवढेच म्हटले असते आणि मोकळे झालो असतो. आमची ही ओढाताण पाहून बाईंनी हातातले टिपण खाली ठेवले आणि कन्नडमध्येच विचारले, "अंकल, जुम् अन्नुत्ता?"

हा शब्द आम्ही पूर्वी कधी ऐकला नव्हता. परंतु दाढेने तो तत्काळ ओळखला. जुम्! अगदी हेच. गार पाणी लागताच मुळापासून वर चढणारी, क्षणभर डोळे मिटावयास लावणारी ती थरारती लहर त्या एका अक्षरात पुरती मावली होती. दुःखाचे नाद भाषेच्या सीमा फारशा मानीत नसावेत. शहाजीराजांस बेंगळूरुची जहागीर मिळाली १६३८ च्या सुमारास; तेव्हापासून मराठी माणूस या गावात वावरतो आहे. आपल्या आधी येऊन गेलेल्या कोणा मावळ्याचीही दाढ इथल्या थंडीत जुम् झाली असेल, आणि त्यानेही हा शब्द इथेच उचलला असेल, अशी एक कल्पना त्या खुर्चीत पडल्या पडल्या आमच्या मनात येऊन गेली.

मग बाईंनी प्रश्न विचारण्यास आरंभ केला. गार लागते की गरमही? चावताना दुखते का? काही कारण नसता, आपले आपण दुखते का? रात्री झोपेतून जाग येते का? आणि या सगळ्यांत त्यांनी ज्यावर सर्वाधिक भर दिला तो प्रश्न असा: "एष्टु होत्तु इरुत्ते?" म्हणजे, दुखणे किती वेळ राहते? पाणी गिळून टाकल्यावर लगेच थांबते की मागे रेंगाळते?

एवढ्या यंत्रसामग्रीच्या काळात वैद्याने रोग्यास असे खोदून खोदून का विचारावे, याचे आम्हांस नवल वाटले. त्यावर त्यांनी जे सांगितले ते मोठे विचार करण्याजोगे आहे. दाताच्या पोटात मधोमध मऊ गाभा असतो. रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू तिथे असतात. हा गाभा चहूबाजूंनी कठीण भिंतींत बंदिस्त असल्याने तो डोळ्यांस दिसत नाही, बोटास लागत नाही. क्ष-किरणांच्या छायाचित्रात कीड दिसते, मुळाशी हाड झिजले असेल तर तेही दिसते. परंतु गाभा नुसता चिडला आहे की मरणाच्या वाटेला लागला आहे, हे त्यात उमटत नाही. ते बऱ्याच अंशी रोग्याच्या सांगण्यावरूनच ताडावे लागते. गार लागून उठलेली आणि लागलीच विरणारी कळ म्हणजे गाभा चिडला आहे, पण सावरण्याजोगा आहे. गरमाने वाढणारा, अर्धा-अर्धा मिनिट किंवा त्याहून अधिक रेंगाळणारा, रात्री आपण होऊन उठणारा ठणका म्हणजे गाभा हातचा जात चालला आहे. पहिल्यास थांबणे हा उपाय. दुसऱ्यास रूट कॅनॉल. दाढ तीच, भरणही तेच. मधला सारा फरक 'कळ' आणि 'ठणका' या दोन शब्दांचा!

आजीबाईंची ती वाटणी आम्हांस त्या क्षणी आठवली. जो भेद त्यांनी पाटावरवंट्यापाशी बसून केला, त्याच भेदावर आज दाताचे भवितव्य ठरते. रोगी जर दोन्हींस नुसतेच 'दुखते' म्हणेल, तर वैद्याच्या हातून बऱ्या होऊ शकणाऱ्या दाताचा गाभा काढला जाईल, अथवा काढण्याजोगा गाभा आत कुजत राहील.

भरलेला दात मुळात असा का चिडतो, हेही समजून घेणे अगत्याचे आहे. दाताचे वरचे पांढरे कवच संवेदनाशून्य असते. त्याच्या आत दंतिन नावाचा पिवळसर थर असतो, आणि तो दिसतो तसा भरीव नसतो. त्यातून गाभ्याच्या दिशेने असंख्य सूक्ष्म नळ्या जातात. एका चौरस मिलिमीटरात बाहेरच्या बाजूस अशा सुमारे वीस हजार नळ्या भरतात. गाभ्यालगत त्यांची दाटी दुपटीहून अधिक होते. या नळ्यांत द्रव असतो. गार पदार्थ लागला की हा द्रव किंचित बाहेरच्या दिशेस सरकतो आणि त्या हालचालीचा धक्का आतील मज्जातंतूंस बसतो. स्वीडनचे मार्टिन ब्रॅनस्ट्रम यांनी १९६० नंतरच्या दशकात प्रयोगांनी ही उपपत्ती मांडली आणि ती आज सर्वमान्य आहे. कीड कोरताना या नळ्यांची तोंडे उघडी पडतात. यंत्राची धग आणि हादरे गाभ्यापर्यंत पोचतात. भरणाने घट्ट धरावे म्हणून दाताच्या पृष्ठास आधी आम्लाने खरखरीत करतात. अमेरिकेतील मायकेल ब्युओनोकोर यांनी १९५५ साली दाखवलेली ही युक्ती आहे. आणि भरण घट्ट होताना साधारणतः शेकडा दोन-तीन अंशांनी आकसते, त्या ओढीचा ताण दाताच्या भिंतींवर पडतो. एवढे सगळे सोसल्यावर गाभ्याने काही दिवस कुरकुरावे, यात त्याचा दोष तो काय?

आमच्या पूर्वजांस या नळ्या ठाऊक नव्हत्या; पण हे दुखणे ठाऊक होते. सुश्रुतसंहितेत दातांचे म्हणून जे आठ रोग गणले आहेत, त्यांत एकाचे नाव 'दंतहर्ष' असे आहे. ज्यात दात शीत, उष्ण आणि स्पर्श सहन करीत नाहीत तो दंतहर्ष, आणि तो वाताने होतो, असे सुश्रुतांचे म्हणणे. प्रथम वाचताना आम्ही चमकलो. दुखणाऱ्या दातास हर्ष कसला? मग ध्यानात आले की हा हर्ष आनंदाचा नव्हे, रोमहर्षातला आहे. अंगावर काटा उभा राहतो तसा दातावर उभा राहणारा काटा! वात हे कारण आज कोणी सांगणार नाही. परंतु नाव ठेवणाऱ्याने ते दुखणे स्वतः अनुभवले असावे, याविषयी आमच्या मनात संदेह नाही.

याहूनही जुनी एक हकीकत आहे. बलुचिस्तानात मेहरगढ येथे नऊ माणसांच्या अकरा दाढा अशा सापडल्या की ज्यांना गारगोटीच्या टोकाने कोरून नेमकी भोके पाडलेली होती. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार हे काम साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीचे आहे. त्या भोकांच्या कडा चावून चावून गुळगुळीत झालेल्या आहेत. अर्थात कोरणे झाल्यावर ती माणसे जिवंत होती आणि त्याच दाढांनी पुढे खात होती. ही बातमी देताना सारे जण त्या प्राचीन कारागिराच्या हस्तकौशल्याचे कौतुक करतात. आमचे लक्ष मात्र त्या नऊ जणांकडे लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ओढ्याचे पाणी ओंजळीने तोंडात घेतले असेल, तेव्हा काय झाले असेल? त्यांच्या बोलीत त्यास काय शब्द होता? दाढा उरल्या, शब्द गेला.

परंतु आपण के. आर. पुरमला परत येऊ. डॉक्टरबाईंच्या प्रश्नांतून आमच्या एका दुखण्याची दोन दुखणी निघाली. चावताना होणारे वेगळे आणि गाराने होणारे वेगळे. पहिल्याचा निकाल तिथल्या तिथे लागला. भरण केसभर उंच राहिले की प्रत्येक घासाला सारा भार त्या एकाच दाढेवर येतो. बाईंनी दातांमध्ये निळा कागद धरून दात आपटावयास लावले, जिथे निळा ठिपका गडद उमटला तिथे यंत्राने अलगद घासले, पुन्हा कागद, पुन्हा ठिपका. 'स्वल्प ॲडजस्ट माडि', म्हणजे जरा सांभाळून घ्या, हा या शहराचा आवडता मंत्र. बसमध्ये, रांगेत, भाड्याच्या घरात तो आम्ही हजारदा ऐकला आहे. तो अक्षरशः पाळला गेलेला आम्ही प्रथमच पाहिला, आणि तोही आमच्याच तोंडात. त्या रात्री आम्ही उजवीकडून भाकरी चावली.

गाराचे दुखणे उरले. त्यावर बाईंनी एक विशिष्ट दंतमंजन लिहून दिले, बर्फ आणि आंबट वर्ज्य केले आणि सहा आठवड्यांची मुदत घातली. त्या मंजनाच्या नळीवरचा मजकूर वाचला तेव्हा मौज वाटली. त्यात शेकडा पाच या प्रमाणात पोटॅशियम नायट्रेट होते, म्हणजे आपला जुना सोरा. ज्या सोऱ्याच्या जोरावर गडांवरील तोफा बोलत, तोच इथे मज्जातंतूंस हळूहळू गप्प करण्याच्या कामी लागला आहे! निघताना बाई म्हणाल्या, "स्वल्प तड्कोळ्ळि, अंकल." आम्ही जिना उतरता उतरता मनाशी भाषांतर केले: थोडी कळ काढा.

कळ काढणे इतके सोपे असते तर मग काय हवे होते! दाढेपेक्षा अधिक छळ माणसांनी केला. आमच्या परिचितांत असा एकही इसम निघाला नाही, की ज्यास दातांविषयी मत नाही. कोणी लवंगेचे तेल सुचवले, कोणी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. बहुसंख्य मंडळींचा कौल मात्र एकच पडला: "कशाला रोजची कटकट? रूट कॅनॉल करून टाका आणि एकदाचा निकाल लावा." दुखणाऱ्याचे मूळच उपटावे हा सल्ला देण्यास फार सोपा असतो. कोर्टकचेरीत, भाऊबंदकीत, नोकरीत, सर्वत्र आम्ही तो ऐकला आहे. त्यात एक मोह असतो हे नाकारण्यात अर्थ नाही. डिसेंबरातल्या पहाटे के. आर. पुरमच्या स्थानकावर उभे असताना, नुसता वारा तोंडात शिरला तरी जेव्हा दाढ जुम् होत असे, तेव्हा तो निकाल आम्हांसही हवाहवासा वाटला.

आम्हांस थोपवले ते दुसऱ्याच एका दाढेने. वरची डावीकडची आमची एक दाढ अनेक वर्षांपूर्वी अशीच दुखली होती. म्हणजे अशी नव्हे, ठणकली होती. तीन रात्री आम्ही बसून काढल्या होत्या. तिचा गाभा वाचण्यापलीकडे गेला होता. तो काढला, मुळे भरली, वर टोपी बसवली. ते सर्वस्वी योग्य झाले आणि आजही ती आपले काम इमानाने करते. परंतु तिला आता काही कळत नाही. गार नाही, गरम नाही. भोवतीच्या हिरडीस आणि हाडास दाब समजतो तेवढाच. उद्या टोपीच्या काठाखालून कीड शिरली, तर ती एका शब्दाने सांगणार नाही. एखाद्या तपासणीत डॉक्टरच ती बातमी देतील, आणि तोवर उशीर झालेला असेल. शिवाय गाभ्यापर्यंत वाट करताना दाताची बरीच भिंत कोरावी लागते, त्याने दात कमकुवत होतो तो निराळाच.

आमच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. इथून जवळच, १९४८ साली स्थापन झालेल्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजच्या कारखान्यात त्यांची सारी हयात गेली. त्या कारखान्यामुळेच त्या वसाहतीस 'दूरवाणीनगर' असे नाव पडले. दूरवाणी म्हणजे कन्नडमधला दूरध्वनी. आमच्या दोन दाढांची कथा ऐकून ते म्हणाले, "हे पाहा, यंत्र कानाला लावल्यावर खरखर ऐकू आली तर आम्ही कधी घाबरत नसू. खरखर आहे म्हणजे तार जोडलेली आहे. काहीच ऐकू आले नाही की मग हत्यारे घेऊन निघावे लागे." त्यांस दंतवैद्यकातले काही कळत नाही, पण आमच्या परिचितांत नेमके बोललेले ते एकटेच.

तेव्हा आम्ही थांबण्याचे ठरवले. मात्र नुसते थांबणे आणि डोळे मिटून थांबणे यांत अंतर आहे. 'किती वेळ राहते?' या प्रश्नास पहिल्या खेपेस आम्ही 'बराच वेळ' असे उत्तर दिले होते, आणि बाईंनी मान हलवली होती. दुखत असताना प्रत्येक क्षण बराच वेळ असतो. म्हणून आम्ही मोजू लागलो. रोज सकाळी एकदाच नळाच्या साध्या पाण्याची चूळ घ्यावयाची, म्हणजे दाढेची पहिल्या अर्थाने कळ काढावयाची. पाणी टाकून देताच एक, दोन, तीन असे सावकाश मोजावयाचे. आणि लहर विरली की आकडा भिंतीवरच्या कालनिर्णय दिनदर्शिकेतील त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीने लिहावयाचा. आमच्या गृहिणींस प्रारंभी हे चाळे वाटले. "अहो, एकादशीच्या शेजारी हा नऊ कसला लिहिलाय?" असे त्यांनी विचारले. खुलासा ऐकल्यावर मात्र रोज सकाळी न्हाणीघराबाहेरून "आज किती?" अशी चौकशी होऊ लागली.

एक लहानशी गोष्ट या मोजणीत ध्यानात आली. एवढी वर्षे परमुलखात गेली, हिशेब इंग्रजीत होतात, रिक्षावाल्याशी घासाघीस कन्नडमध्ये होते. परंतु दाढ शिवशिवत असताना आम्ही मोजतो ते मराठीतच. त्या वेळी दुसऱ्या कोणत्या भाषेतला आकडा तोंडाशी येतच नाही.

कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचे रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली वेदना मापण्याची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत वेदनेची वर्णने करणारे ७८ शब्द वीस गटांत लावलेले आहेत; रोग्याने आपणांस लागू पडतील ते निवडावयाचे. इंग्रजी भाषेतून वेचलेले ते शब्द आहेत. 'दुखते' या एका शब्दाने वैद्यकाचे भागत नाही, हे त्या शास्त्रज्ञांस पुरते उमगले होते. आमची आजी अशी प्रश्नावली तोंडी वापरीत असे. पोट दुखते म्हटले की ती विचारी, "मुरडते, की टोचते, की नुसते जड झालेय?" आणि उत्तरावरून ओवा, एरंडेल किंवा डॉक्टर ठरे. आमच्या मुलांस यांतले निम्मे शब्द ठाऊक नाहीत, हे बेंगळूरुत वाढलेल्या मुलांच्या बाबतीत साहजिकच आहे. त्यांस 'जुम्' ठाऊक आहे, हे काही थोडे नव्हे. परंतु कोणत्या का भाषेत होईना, माणसापाशी आपल्या दुखण्यास एकाहून अधिक शब्द असले पाहिजेत. ज्याच्यापाशी एकच शब्द, त्याच्या सगळ्या दुखण्यांवर एकच उपाय होण्याचा संभव फार.

पहिल्या आठवड्यात आकडा आठ-नऊच्या घरात होता. दुसऱ्यात तो हलेना. एके दिवशी तर अकरा झाला आणि आम्ही तो दिवस काळजीत काढला. तिसऱ्या आठवड्याअखेर सहा दिसू लागला, मग पाच. मधल्या काळात दाढेच्या आत काय चालले असेल याची आता आम्हांस थोडी कल्पना आहे. चिडलेला गाभा शांत झाला की स्वतःच्या बचावासाठी आतल्या बाजूने नव्या दंतिनाची भिंत घालू लागतो. अत्यंत मंद गतीने, कणाकणाने. हे काम करावयास गाभा जिवंत लागतो आणि त्याला वेळ लागतो. सहा आठवडे ही मुदत डॉक्टरबाईंनी आम्हांस नव्हे, त्या गवंड्यास दिलेली होती.

एवढे सांगून एक इशारा दिलाच पाहिजे, नाहीतर आमच्या लेखाने कोणा वाचकाची दाढ जावयाची. हा आकडा दिवसेंदिवस वाढत चालला, कळ जाऊन ठणका आला, गरमाने दुखणे बळावले, रात्री जाग येऊ लागली, किंवा हिरडीस सूज आली, तर सहा आठवडे काय, सहा दिवसही थांबू नये. तिथे कळ काढण्यात पुरुषार्थ नाही. आणि अशी दाढ एके दिवशी आपोआप गप्प झाली, तर नारळ फोडू नये. तडक दवाखाना गाठावा. कुजून मेलेला गाभाही गप्पच असतो.

सहावा आठवडा संपला तेव्हा आम्ही पुन्हा माडी चढलो. बाईंनी कापसाचा बोळा काहीतरी फवारून बर्फासारखा गार केला, चिमट्यात धरला आणि म्हणाल्या, "लागले की हात वर करा, गेले की खाली घ्या." या परीक्षेस कोणतीच भाषा लागत नव्हती. प्रथम त्यांनी शेजारच्या धडधाकट दाढेस तो बोळा लावला. हात वर गेला आणि खाली आला. मग भरलेल्या दाढेस. हात वर गेला, क्षणभर अधिक राहिला आणि खाली आला. अखेर वरच्या डाव्या दाढेस बोळा लावला. तो तिथे बराच वेळ धरून ठेवलेला आम्हांस आरशात दिसत होता. हात मांडीवरच राहिला.

बाईंनी टिपणात काही लिहिले. आम्ही खिशातून दिनदर्शिकेवरून उतरवून घेतलेल्या आकड्यांचा कागद काढून दिला. तो त्यांनी वरपासून खालपर्यंत लक्षपूर्वक वाचला, अकराच्या आकड्यापाशी थबकून आमच्याकडे पाहिले, पुढचे आकडे पाहिले आणि कागद टिपणास टाचून टाकला. रूट कॅनॉलचे नाव त्यांनी काढले नाही. "इन्नू स्वल्प तड्कोळ्ळि," एवढेच म्हणाल्या. म्हणजे, आणखी थोडी.

काल दिनदर्शिकेचे पान उलटले. नव्या पानावरच्या पहिल्या चौकोनात आम्ही आज सकाळी दोनाचा आकडा लिहिला आहे.